आपले धान्य, आपली संस्था

दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासले की आपल्या बहुतेक भगिनींना एकच सल्ला मिळतो. रक्त कमी आहे, ज्वारी-बाजरीची भाकरी खा, पालेभाज्या खा, डाळ वाढवा. सल्ला अगदी बरोबर आहे. पण तो घेऊन बाई वस्तीत परतते तेव्हा घरात रेशनचा तांदूळ आणि गहू असतो. कोपऱ्यावरच्या दुकानात ज्वारी किलो-दोन किलोने घ्यावी लागते आणि ती महाग पडते. मग दोन दिवस भाकरी होते आणि तिसऱ्या दिवसापासून पुन्हा भात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये आणि ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या ६८.९ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. इतक्या घरांत एकच दुखणे असेल तर दोष एकेका घराच्या स्वयंपाकाचा नसतो. म्हणून या वेळी आम्ही पाककृती देत नाही. चांगले धान्य वस्तीत स्वस्त आणि कायम मिळावे यासाठी सभासदांच्या मालकीची छोटी संस्था कशी उभी करायची, ते सांगतो. आहाराचा सल्ला एकट्या घराला पेलत नाही, तो तीस घरांना मिळून पेलतो.

धान्याने काय फरक पडतो?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनुसार १०० ग्रॅम पॉलिश केलेल्या तांदळात लोह साधारण ०.६५ मिलिग्रॅम असते. तेवढ्याच ज्वारीत ते सुमारे ४ आणि बाजरीत सुमारे ६.४ मिलिग्रॅम असते. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना आणि वाढत्या मुलांना याचा उपयोग होतो.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. धान्यातले सगळे लोह अंगी लागत नाही. जेवणात लिंबू, आवळा, पेरू असे काही आंबट असेल तर ते जास्त शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतला तर कमी शोषले जाते. म्हणून जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवा. दुसरे, भाकरी म्हणजे औषध नव्हे. हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी, गरोदरपणी ११ पेक्षा कमी असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. आहार त्या गोळ्यांच्या जोडीला हवा.

झहीराबादच्या महिलांनी काय केले?

सोलापूर-हैदराबाद महामार्गावर तेलंगणात झहीराबाद लागते. या भागात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था १९८३ पासून काम करते. तिच्यासोबत गावोगावी महिलांचे संघम उभे राहिले. सुमारे ७५ गावांतल्या साधारण ५,००० महिला त्यांत आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य दलित आहेत.

यातल्या अनेक कुटुंबांना सरकारी वाटपात जमीन मिळाली होती, पण ती खडकाळ आणि निकस. नांगरायला बैल नाहीत, खताला पैसा नाही. त्यामुळे रान पडीक आणि बाई दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला. रेशनचा स्वस्त तांदूळ आल्यावर ज्वारी पेरायचे कारणही उरले नाही. पोट भरत होते, पण जमीन मरत होती आणि ताटातली ज्वारी, डाळ, पालेभाजी कमी होत होती.

संघमांनी याच जागी हात घातला. पडीक रान नांगरायला, बांध घालायला, शेणखत आणि बियाणे आणायला महिलांना कर्ज दिले. परतफेड रोख पैशात न घेता ज्वारीत घ्यायची ठरली. ती ज्वारी गावातच साठवली. मग गावाने उघड बैठकीत बसून कोणते घर किती गरीब हे ठरवले. सर्वांत गरीब घराला सर्वांत जास्त धान्य, आणि तेही कमी भावात, पावसाळ्यातल्या ओढीच्या महिन्यांत. त्यासाठी गावाची स्वतःची कार्डे होती. विक्रीचा पैसा पुन्हा गावाच्या निधीत जाऊन कर्जासाठी वापरला जाई. म्हणजे धान्य गावात पिकले, गावात साठले, गावातच खाल्ले गेले, आणि यादी वरच्या कार्यालयात न बनता सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बनली.

शेतीची पद्धतही महत्त्वाची आहे. एकाच रानात ज्वारीबरोबर तूर, चवळी, राळा, तीळ, अंबाडी अशी अनेक पिके घेतली जातात. पाऊस ओढला तर एक पीक जाते, दुसरे वाचते. तूर-चवळीसारखी कडधान्ये हवेतले नत्र जमिनीत धरून ठेवतात, त्यामुळे खताचा खर्च घटतो. तणनाशक मारले नाही की घोळ, तांदुळजा, चंदनबटवा अशा रानभाज्या शेतात आपोआप उगवतात, आणि त्या फुकट मिळतात. बियाणे महिला स्वतः राखतात आणि एकमेकींना उसने देतात. पुढल्या सुगीत ते वाढवून परत येते. जमीन सांभाळणे आणि पोट सांभाळणे ही इथे दोन वेगळी कामे राहिली नाहीत. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ-गव्हाबरोबर भरड धान्येही आली. त्यासाठी आवाज उठवणाऱ्यांत या महिलाही होत्या. २०१९ साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार या कामाला मिळाला.

आपल्याकडे जमीन नाही, मग?

वस्तीत शेत नसते हे खरे. पण तीस घरांची खरेदी एकत्र आली की तीही ताकदच असते. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी १८४४ साली २८ कामगारांनी याच बळावर दुकान काढले. त्यांत विणकर बरेच होते. त्यांच्याकडेही जमीन नव्हती. माल पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ, मेणबत्त्या एवढाच. नियम मात्र पक्के: भेसळ नाही, माप पूर्ण, विक्री रोखीने, प्रत्येकाला एकच मत, आणि उरलेला नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत. जगभरच्या सहकारी संस्था आजही यातले बरेच नियम पाळतात.

सुरुवात एकाच वस्तूने करा. आमच्या मते ती रब्बीची ज्वारी असावी. ती फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते आणि सुगीत भाव उतरलेला असतो. आपल्यापैकी अनेकांचे भाऊबंद मराठवाड्यात, सोलापूर-नगरकडे शेती करतात. जो शेतकरी मिश्र पिके घेतो आणि फवारणी टाळतो, त्याच्याशी आधीच बोलणी करा. त्याला दलालाविना गिऱ्हाईक मिळते आणि उसाच्या तुलनेत फार कमी पाण्यावर येणारे पीक टिकून राहते. वस्तीच्या खरेदीतून पर्यावरण जपले जाते ते असे.

एक नमुना हिशेब

भाव दर वर्षी बदलतात. खालचे आकडे पद्धत समजावी म्हणून धरले आहेत.

समजा ३० घरे सभासद झाली. धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतरच्या आठवड्यापासून प्रत्येक घराने आठवड्याला ५० रुपये भरले, तर २० आठवड्यांत, म्हणजे ज्वारी निघेपर्यंत, घरटी १,००० रुपये होतात. एकूण ३०,००० रुपये. ज्वारी, भाडे, हमाली, पोती धरून क्विंटलला ३,३०० रुपये पडले, तर ९ क्विंटलला २९,७०० रुपये लागतील. चाळून-निवडून २० किलो तूट धरली तर ८८० किलो उरते. ती ३८ रुपये किलोने सभासदांना विकली तर ३३,४४० रुपये येतात. शिल्लक ३,७४० रुपये.

यातला चौथा हिस्सा, ९३५ रुपये, राखीव निधीत टाका. उरलेले २,८०५ रुपये खरेदीच्या प्रमाणात वाटले, तर किलोमागे तीन रुपयांहून थोडे जास्त परत मिळतात. म्हणजे सभासदाला ज्वारी पस्तीसच्या आत पडली, आणि भांडवलाचे ३०,००० रुपये पुढच्या खरेदीला तसेच राहिले. ते भांडवल वाटून घ्यायचे नाही. त्यातून पुढे तूरडाळ, बाजरी, नाचणी आणता येते.

उधारीचे काय करायचे?

अशा संस्था सहसा उधारीने बुडतात. "ताई, पुढच्या पगाराला देते" असे दहा घरांनी म्हटले की पुढची खरेदी थांबते. पण रोजंदारीवर जगणाऱ्या घराला आजार आला, काम सुटले, तर रोख आणायची कुठून? तिला दारातून परत पाठवले तर संस्था आणि दुकानदार यांत फरक काय राहिला?

झहीराबादचा धडा इथे उपयोगी पडतो. मदत नियमाने आणि उघड करा. अडचणीतल्या घराला धान्य उसने द्यायचे, पण एका वेळी १० किलोपर्यंत. निर्णय एकटीने न घेता बैठकीत घ्यायचा, वहीत लिहायचा, आणि एका वेळी तीनपेक्षा जास्त घरांकडे उसने धान्य राहू द्यायचे नाही. या उसन्यासाठी वर्षाच्या सुरुवातीलाच एक पोते बाजूला काढून ठेवा. म्हणजे मैत्री आणि संस्था दोन्ही टिकतात.

नोंदणी आणि कारभार

पहिले वर्ष महिला बचत गट म्हणूनही चालेल. १० ते २० जणींचा गट असतो, तेव्हा ३० घरांसाठी दोन गट करावे लागतील. व्यवहार जमला की महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली ग्राहक सहकारी संस्था नोंदवता येते. त्यासाठी वेगवेगळ्या कुटुंबांतल्या किमान १० व्यक्ती लागतात. अर्ज आपल्या भागाच्या सहकारी संस्था निबंधकांच्या कार्यालयात करायचा. या कायद्यात शेअर कितीही असले तरी सभासदाला मत एकच. नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो, दर वर्षी हिशेबतपासणी करावी लागते आणि ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. धान्य विकायचे म्हणजे अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणीही हवी.

कायद्याबाहेरचे तीन नियम आम्ही सुचवतो. अध्यक्ष आणि खजिनदार एकाच घरातले नसावेत. बँक खात्यावर दोघींच्या सह्या लागाव्यात. आणि दर पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर जमा, खर्च, शिल्लक पोती हे तीन आकडे मोठ्याने वाचून दाखवावेत. ज्यांना वाचता येत नाही त्याही मालक आहेत, त्यांच्या कानावर हिशेब पडला पाहिजे. कोणी देणगी दिली तर पावती द्या, आभार माना, पण त्यापोटी जास्तीचे मत किंवा फलकावर नाव देऊ नका.

साठवणीत जिवाची काळजी

धान्य उन्हात कडक वाळवा. दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब. कडुलिंबाचा वाळलेला पाला थरांमध्ये घाला आणि महिन्यातून एकदा पोते उघडून पाहा.

कीड लागू नये म्हणून बाजारात गॅसची गोळी मिळते. तिच्यात ॲल्युमिनियम फॉस्फाइड असते. ती घरात किंवा वस्तीतल्या खोलीत कधीही वापरू नका. हवेतल्या ओलाव्याने तिच्यातून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो. त्यावर उतारा नाही, आणि बंद खोलीत झोपलेल्या माणसांचे त्याने प्राण गेले आहेत. कीड लागली तर धान्य पुन्हा उन्हात घाला आणि चाळा. काळी बुरशी आलेले किंवा कुबट वास येणारे धान्य फेकून द्या. धुऊनही ते खाण्याजोगे होत नाही.

निवडलेल्या भाज्यांची देठे-साले वाया घालवू नका. भोके पाडलेल्या जुन्या ड्रममध्ये माती किंवा सुका पाला यांच्या थरांनी ती भरली, तर दोन-तीन महिन्यांत खत होते. त्यावर पोत्यांत मेथी, शेपू, अंबाडी घेता येते. पाणी मात्र नळाचे किंवा भाज्या धुतलेले वापरा. गटाराच्या पाण्यावरची भाजी नको.

पहिले पाऊल छोटे आहे. येत्या पौर्णिमेला दहा घरे बसवा. प्रत्येक घराला महिन्याला किती किलो ज्वारी लागते आणि आज ती कोणत्या भावाने पडते, एवढेच वहीत लिहा. ती बेरीज मोठ्याने वाचली की आपली संस्था काय करू शकते हे सगळ्यांना आपोआप समजेल.