रिफची घडण

हेवी मेटल संगीताचा कणा म्हणजे रिफ. मोजक्या स्वरांचे, ठाशीव लयीचे आणि पुनःपुन्हा येणारे गिटारवरील वाक्य म्हणजे रिफ होय. त्यास ‘मुखडा’ म्हणण्याचा मोह होतो. परंतु मुखडा गायकाचा असतो, रिफ वाद्याचीच.

या शैलीच्या उगमाशी गेल्यास आपण इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात येऊन पोहोचतो. टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा तरुण तेथे पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या अखेरच्या दिवशीच यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मध्यमा व अनामिका यांची अग्रे तुटली. तो डावखुरा, तेव्हा तारा दाबण्याचा हात नेमका हाच. गिटार संपली, असे त्याला वाटले. जँगो राइनहार्ट या वादकाने १९२८ च्या आगीत दोन बोटे निकामी झाल्यावरही वादन सोडले नव्हते. त्याची ध्वनिमुद्रिका ऐकून आयोमीला धीर आला. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांसाठी टोपणे केली, त्यांवर चामडे चिकटविले आणि हलक्या तारा चढविल्या. पुढे १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’मधील काही गीतांसाठी तारा तीन अर्धस्वरांनी उतरविल्या. तेवढ्याने तारेवरील ताण सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. नादही अधिक खर्ज होतो.

आता स्वरांकडे वळू. विद्युत् गिटारचा ध्वनी हेतुपुरस्सर विकृत केला, की एकत्र वाजविलेल्या दोन स्वरांच्या कंपनसंख्यांच्या बेरजेचे व वजाबाकीचे नवे स्वर त्यात मिसळतात. षड्ज ११० व पंचम १६५ कंपनांचा घेतल्यास ५५ कंपनांचा, म्हणजे खालच्या सप्तकातील षड्जच निर्माण होतो! दोन तारांतून भिंत उभी राहते ती अशी. त्यात गांधार घातला तर नव्या स्वरांची गर्दी होऊन ध्वनी गढूळ होतो. म्हणून रिफकार गांधार बहुधा टाळतो.

‘ब्लॅक सॅबथ’ या त्याच्या वाद्यवृंदाच्या १९७० मधील याच नावाच्या गीतात मुख्य रिफ तीन स्वरांचीच आहे: षड्ज, वरचा षड्ज आणि तेथून खाली उतरून तीव्र मध्यम. यमनातला तीव्र मध्यम आपणास सुखवितो, कारण त्यास पंचमाचा आसरा असतो. येथे तो आसरा दिलेलाच नाही. स्वर अधांतरी थांबतो व कंप पावत राहतो. भय उपजते ते त्यामुळेच.

नवख्याने प्रथम सर्वांत जाड तार मोकळी छेडावी. छेडणाऱ्या तळहाताची कड घोडीपाशी तारांवर अलगद टेकवावी, म्हणजे नाद दबून ढोलासारखा ठोका उमटेल. या ठोक्यांच्या ओळीत मधूनच हात उचलून एखादा स्वरयुग्माचा आघात मोकळा सोडावा. तो कोठे सोडावा, हे बोटांनी शोधण्यापूर्वी तोंडाने म्हणून पाहावे; तोंडी न बसणारी रिफ तारांवरही सहसा बसत नाही. आणि आघातानंतर तार तळहाताने तत्काळ थांबवावी. ती रिकामी जागा भरून काढण्याची घाई करू नये; पुढचा ठोका जड वाटतो तो तिच्यामुळेच.