चित्रपटातील नाममुद्रा आणि उद्योगांचा अस्त : एक विवेचन

प्रस्तावना :
चित्रपट हे केवळ मनोरंजनाचे साधन नसून आपल्या काळाची ती एक नकळत झालेली नोंदही असते. पडद्यावरील मोटारसायकल, मोटारगाडी वा जाहिरातफलक यांवरील नावे कथानकासोबत प्रेक्षकांच्या स्मरणात राहतात. कालांतराने उद्योग बंद पडतो; नाव मात्र पडद्यावर टिकते. प्रस्तुत लेखात अशा नाममुद्रांच्या, म्हणजेच ब्रँडच्या, अस्ताची कारणे तपासून चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांच्या संदर्भात त्यांचा अर्थ पाहिला आहे.

'शापा'ची समजूत :
१९८२ च्या 'ब्लेड रनर' या अमेरिकन चित्रपटात २०१९ सालचे लॉस एंजेलिस दाखविले आहे. त्यात अटारी, आरसीए व पॅन अ‍ॅम यांचे फलक झळकतात. पुढे १९८४ मध्ये अटारीचे विभाजन झाले, १९८६ मध्ये आरसीए जनरल इलेक्ट्रिकने विकत घेतली आणि डिसेंबर १९९१ मध्ये पॅन अ‍ॅमची विमानसेवा थांबली. यावरून या चित्रपटाचा 'शाप' लागतो, अशी समजूत रूढ झाली. परंतु त्याच चित्रपटात कोका-कोलाचाही फलक आहे आणि ती कंपनी भरभराटीस आलेली आहे. बुडालेल्यांची नावे मोजायची व तरलेल्यांची सोडून द्यायची, या निवडीतूनच शापाची कल्पना जन्मते.

भारतीय उदाहरणे :
राज कपूर यांचा 'बॉबी' १९७३ मध्ये प्रदर्शित झाला. त्यातील एस्कॉर्ट्स कंपनीची लहान चणीची राजदूत जीटीएस पुढे 'बॉबी' याच नावाने ओळखली जाऊ लागली. त्या वेळी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा नव्हता; २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरच्या विभाजनातून तो निर्माण झाला. राजदूतची मोठी १७५ ही गाडी दणकट बांधणीमुळे ग्रामीण भागात विशेष पसंत केली जात असे. तिच्या ऱ्हासाचे कारण चित्रपट नव्हे, तर बदललेले तंत्रज्ञान होते. १९८५ मध्ये हिरो होंडाची चार-स्ट्रोक सीडी १०० बाजारात आली. कमी इंधनात अधिक अंतर कापणाऱ्या अशा गाड्यांपुढे जुनी दोन-स्ट्रोक गाडी मागे पडली. एस्कॉर्ट्स कंपनी मात्र ट्रॅक्टरच्या व्यवसायात टिकून राहिली.

अ‍ॅम्बेसेडरची कथा याहून वेगळी आहे. पडद्यावर मंत्री व अधिकारी यांची ओळखखूण ठरलेल्या या गाडीचे उत्तरपाडा येथील उत्पादन मे २०१४ मध्ये थांबले. २०१७ मध्ये तिचे नाव फ्रान्सच्या पूजो कंपनीने ८० कोटी रुपयांना विकत घेतले. कारखाना थांबल्यावरही नावाला किंमत उरते, हे यातून स्पष्ट होते. तात्पर्य, उत्पादन, कंपनी व नाममुद्रा या तिन्हींचा अंत एकाच वेळी होतो असे नाही.

स्थानिक संदर्भ :
हाच भेद बल्लारपूरच्या बाबतीत महत्त्वाचा ठरतो. गडचिरोलीच्या जंगलातील बांबूवर येथील कागद गिरणी उभी राहिली आणि 'बल्लारपूर' हे गावाचे नाव कंपनीच्या नावातून देशभर पोहोचले. बल्लारपूर इंडस्ट्रीज ही कंपनी जानेवारी २०२० मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तथापि, तत्पूर्वीच ही गिरणी संलग्न कंपनीकडे गेलेली असल्याने मूळ कंपनीची दिवाळखोरी म्हणजे गिरणीचा अंत, असे समीकरण मांडता येत नाही. कामगार, बांबू तोडणारे मजूर व छोटे व्यापारी यांच्या दृष्टीने हा भेद केवळ शाब्दिक नाही. कोणाचे देणे कोणी द्यायचे, हा प्रश्न त्यावरच अवलंबून असतो.

निष्कर्ष :
चित्रपटात झळकल्याने उद्योग बुडत नाही, तसा तो तरतही नाही. तंत्रज्ञान, स्पर्धा, कर्ज व व्यवस्थापन ही त्याच्या अस्ताची खरी कारणे होत. चित्रपट नाममुद्रेचे वैभव जतन करतो. तिच्या मागे राबणारे हात मात्र पडद्यावर क्वचितच येतात. राजदूतला 'बॉबी' लाभला. बांबू तोडणाऱ्या मजुराला असा पडदा सहसा लाभत नाही. म्हणूनच जुनी वेष्टने, पावत्या, वेतनपत्रके व कामगारांच्या आठवणी यांचे संकलन स्थानिक महाविद्यालयांनी हाती घेणे अगत्याचे आहे. ते वेळेत झाले नाही, तर या जिल्ह्यांच्या औद्योगिक इतिहासात केवळ नावे उरतील, माणसे उरणार नाहीत.