राखणदाराचं मूळ आणि कूळ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. कुत्र्याचं मात्र दोन्ही विचारून घ्यावं, आणि ते घरातल्या बाईने विचारावं. गावाबाहेरच्या नव्या कॉलनीत बंगला बांधून होतो, आजूबाजूचे प्लॉट रिकामे, रात्री धाकधूक वाटते. मग कुणीतरी सुचवतं, ‘एखादं दणकट कुत्रं ठेवा की!’ जात पसंत करतात घरातले पुरुष, नाव ठेवतात मुलं, आणि महिन्याभरात त्याचं खाणं, शी-शू, घरभर गळलेले केस, डॉक्टरकडच्या फेऱ्या हे सगळं येतं गृहिणीच्या वाट्याला. दुपारच्या वेळी घरात ती आणि ते कुत्रं, दोघंच असतात. तेव्हा पिल्लू किती गोजिरवाणं आहे यापेक्षा त्याच्या आजा-पणजांनी कोणतं काम केलं, हे ठाऊक असलेलं बरं. ते काम रक्तात उतरलेलं असतं, मग पिल्लू जर्मनीत जन्मो की जालन्यात.

जर्मन शेफर्डच्या तर नावातच मेंढपाळ आहे. जर्मनीत मेंढ्या चरायला न्यायच्या तर वाटेत दोन्ही बाजूंना उभी पिकं, कुंपण नाही. हा कुत्रा पिकाच्या कडेने दिवसभर येरझारा घालायचा आणि एकाही मेंढीला आत शिरू द्यायचा नाही. चालतंबोलतं कुंपणच म्हणा ना. माक्स फॉन स्टेफानिट्झ नावाच्या घोडदळातल्या निवृत्त अधिकाऱ्याने १८९९ मध्ये असाच एक कुत्रा विकत घेतला, त्याचं नाव होरांड ठेवलं आणि त्याच्यापासून ही जात पद्धतशीर वाढवली. पुढे मेंढ्यांचे कळप कमी होत गेले, तसं त्याने या कुत्र्यांना पोलीस आणि लष्कराकडे वळवलं. पहिल्या महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांना वाट दाखवण्यासाठी १९१६ मध्ये जर्मनीत ओल्डेनबर्गला जी शाळा निघाली, तिथेही हेच कुत्रे शिकवले गेले. आपल्याकडची जुनी माणसं त्याला अल्सेशियन म्हणतात, त्यामागेही हे युद्धच. इंग्रजांना जर्मन हे नाव तोंडात नको होतं, म्हणून त्यांनी ते बदलून टाकलं!

आता हा आपल्या अंगणात आला की काय करतो? खेळणाऱ्या पोरांभोवती गोल गोल पळतो, एखाद्याच्या टाचेला हळूच दात लावतो. आई घाबरते, ‘चावरा निघाला’ म्हणते. अहो, तो मेंढ्या गोळा करतोय! लहानपणापासून ‘नाही’ म्हटलं की थांबायला शिकवलं तर तो शिकतो, आणि फार पटकन शिकतो. पण त्याला रोज काहीतरी काम हवं. दिवसभर साखळीला बांधलेला शेफर्ड म्हणजे रिकामं डोकं, आणि रिकाम्या डोक्यात काय येतं ते आपल्याला माहीत आहेच.

डोबरमनची गोष्ट मला सगळ्यात गमतीची वाटते. जर्मनीतल्या आपोल्डा गावात कार्ल फ्रीडरिश लुई डोबरमन नावाचे गृहस्थ होते. काम करवसुलीचं. खिशात वसूल केलेला पैसा, वाट एकट्याची, आणि करवसुलीवाला कुणाला आवडतो? गावातल्या मोकाट कुत्र्यांची व्यवस्थाही त्यांच्याकडेच होती. त्यातून त्यांनी स्वतःच्या संरक्षणासाठी चपळ, तिखट कुत्रा तयार केला. १८९४ मध्ये ते वारले, जातीला नाव मात्र त्यांचंच राहिलं. म्हणजे बघा, मेंढ्या नाहीत की शिकार नाही, हा कुत्रा तयार झाला तोच माणसापासून माणसाचं रक्षण करायला. पुढच्या पिढ्यांत त्याचा तिखटपणा बराच कमी केला गेला, पण मालकाला चिकटून राहणं कायम आहे. सावलीसारखा मागे फिरतो, स्वयंपाकघरातसुद्धा. अंगावर केस आखूड, त्यामुळे थंडी सोसत नाही. त्याला रात्रभर गेटपाशी एकटं बांधून ठेवणं म्हणजे शिक्षाच. आणि ते ताठ उभे कान जन्मजात नसतात हो, कापून तसे केलेले असतात. खुद्द जर्मनीत आता त्याला बंदी आहे.

रॉटवायलर हा दक्षिण जर्मनीतल्या रॉटवाइल गावचा. तिथे गुरांचा मोठा बाजार भरायचा. खाटीक लोक गुरं हाकायला आणि मांसाचे गाडे ओढायला हे कुत्रे ठेवायचे. रेल्वे आली, गुरं पायी नेणं बंद झालं आणि कुत्र्याचं काम गेलं. जात संपत आली होती, तेव्हा पोलिसांच्या कामाने तिला तारलं. गाडा ओढणाऱ्याची ताकद त्याच्या अंगात आजही आहे. नर पन्नास किलोच्या आसपास भरतो. संध्याकाळी त्याचा पट्टा कोण धरणार आहे, हा प्रश्न पिल्लू घ्यायच्या आधीच घरात मोठ्याने विचारा. सासूबाई धरणार का? मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने परिपत्रक काढून ज्या तेवीस जातींवर बंदी घालायला सांगितलं, त्यात रॉटवायलर होता. कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात ते परिपत्रक रद्द केलं. कायद्याचं काही होवो, नवशिक्या घराने या जातीच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

लॅब्रेडॉरला राखणदार म्हणून आणणाऱ्यांचं मात्र नवल वाटतं. याचे पूर्वज कॅनडाजवळच्या न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांच्या हाताखाली होते. गार पाण्यात उडी मारून जाळी ओढायची, निसटलेले मासे आणून द्यायचे. आणून देणाराच तो, अडवणारा नव्हे. चोर आला तर चेंडू आणून देईल! नाक मात्र एक नंबर. मुंबईत १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी पोलिसांच्या ज्या झंजीरने स्फोटकं हुंगून काढली, तो लॅब्रेडॉरच. आणि याची ती कायमची भूक! केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं, की साधारण चौथ्या हिश्श्याच्या लॅब्रेडॉरमध्ये भूक वाढवणारा जनुकातला एक दोषच असतो. त्यामुळे त्या केविलवाण्या डोळ्यांना भुलून पोळी देत राहू नका, सांधे जातात त्याचे.

आपल्या मातीतलाही एक आहे बरं का. सोलापूर, लातूरकडे त्याला कारवानी म्हणतात, कान-शेपटीला लांब केस असले तर पश्मी. सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यात तोच मुधोळ. फार पूर्वी व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर, म्हणजे कारवाँबरोबर आला म्हणून कारवानी. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची जोपासना केली आणि इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला त्याची जोडी भेट दिली. २००५ मध्ये मुधोळचं टपाल तिकीट निघालं, २०१६ मध्ये लष्कराने मेरठला त्यांचं प्रशिक्षण सुरू केलं. धनगर आणि शेतकऱ्यांनी मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्याला वाड्यावर आणि शेतावर राखणीला ठेवलंय. ऊन सोसतो, खाणं बेताचं. बरगड्या दिसतात म्हणून उपाशी ठेवलंय असं समजू नका, अंगकाठीच तशी. हा नाकापेक्षा डोळ्याने माग काढतो आणि वाऱ्यासारखा पळतो. परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही. शेतवस्ती असेल तर सोन्याहून पिवळं. तीन गुंठ्यांच्या बंगल्यात मात्र तो झुरतो.

आणि खरं सांगू? तुम्हाला गेटपाशी कुणी आलं की भुंकून सांगणारं कुत्रं हवं असेल, तर ते काम गावठी कुत्रं उत्तम करतं. चोरालाही भीती असते ती आरडाओरड्याची, कुत्र्याच्या जातीची नाही.

कोणतंही आणा, पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस द्यायची आणि पुढे दरवर्षी. आपलं असो की परकं, कुत्र्याने दात लावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी मनाई आहे. विकणारा त्याहून लहान पिल्लू हातात देऊ लागला तर तिथूनच परत फिरा. पिल्लू घ्यायला जाल तेव्हा त्याच्या आईला दाखवा म्हणावं. ती कुठे बांधलीय, अनोळखी माणसाला पाहून काय करते, जवळ येते, कोपऱ्यात दबून बसते की अंगावर धावते, ते दहा मिनिटं उभं राहून बघा. कागदपत्रं मागाहून बघितली तरी चालतील.