डेटा सेंटरला इलेक्ट्रिशियन हवेत, पण मुलाची दोन वर्षे कोण सांभाळणार?

आपण मोबाईलवरून फोटो पाठवतो, पैसे पाठवतो, ते सगळे ‘क्लाऊड’मध्ये जाते असे म्हणतात. हा ढग आभाळात नाही. ऐरोली, रबाळे, महापे, आपल्या बाजूला चांदिवली, इथल्या मोठमोठ्या बंदिस्त इमारतींत तो आहे. समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेटच्या केबल वर्सोव्याला किनाऱ्याला लागतात, म्हणून मुंबईला एवढे महत्त्व. जानेवारी २०२५ मध्ये अमेझॉनच्या क्लाऊड कंपनीने २०३० पर्यंत महाराष्ट्रात ८.३ अब्ज डॉलर गुंतवण्याचे जाहीर केले.

डेटा सेंटर म्हटले की पालकांच्या डोळ्यांसमोर कॉम्प्युटर इंजिनीअर येतो. पण आत बघा काय असते. हजारो सर्व्हर चोवीस तास चालतात आणि तापतात. वीज गेली तर यूपीएसच्या बॅटऱ्या काही मिनिटे भार घेतात, तेवढ्यात डिझेल जनरेटर सुरू व्हावा लागतो. थंड पाण्याचे चिलर बंद पडले तर थोड्याच वेळात मशीन तापून बंद होतात. म्हणजे ट्रान्सफॉर्मर, पॅनेल, अर्थिंग, एसी, पाइपिंग, फायबर जोडणी. हे काम इलेक्ट्रिशियन, फिटर आणि एसी मेकॅनिकचे. रात्रपाळीलाही माणूस लागतोच.

हे शिक्षण आयटीआयमध्ये मिळते. इलेक्ट्रिशियन आणि रेफ्रिजरेशन-एसी हे दोन्ही ट्रेड दहावीनंतर दोन वर्षांचे. मुलींनाही प्रवेश असतो, हे मात्र आम्हाला प्रत्येक पालकसभेत मुद्दाम सांगावे लागते. आकुर्ली रोडवर महिंद्रचा कारखाना असल्यामुळे कांदिवलीच्या मागच्या पिढीला आयटीआयची किंमत ठाऊक होती. आता ‘बारावी तरी कर’ म्हणून मुलाला कुठल्याही शाखेत ढकलले जाते.

सरकार पैसा देत नाही असे नाही. मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १,००० आयटीआय सुधारण्यासाठी ६०,००० कोटींची योजना मंजूर केली. त्यात केंद्राचे ३०,००० कोटी, राज्यांचे २०,००० आणि उद्योगांचे १०,०००. त्यातून कार्यशाळा, मशीन, अभ्यासक्रम सुधारतील. पण चाळीतल्या घरात अडचण वेगळीच असते. आमच्याकडून आयटीआयला गेलेली मुले अभ्यास जड गेला म्हणून क्वचितच सोडतात. वालिद आजारी पडले, घरात कमावता हात हवा, आणि डिलिव्हरीच्या कामात पहिल्याच आठवड्यात पैसे हातात पडतात. मग ट्रेड अर्धवट राहतो.

आयटीआयनंतरचा टप्पा अप्रेंटिसशिपचा. ३० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनेने (कंत्राटी धरून) २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घेणे कायद्याने बंधनकारक आहे. विद्यावेतन मिळते आणि त्यातला २५ टक्के, जास्तीत जास्त १,५०० रुपये महिना, केंद्र सरकार उचलते. तरी कांदिवलीहून ऐरोली म्हणजे दादर, ठाणे अशा दोन ठिकाणी गाडी बदलणे. पास, डबा, सेफ्टी बूट, मल्टिमीटर, पुढे तारतंत्री परवान्याची फी, सगळे त्याच पैशात बसवायचे.

अमेरिकेत हीच टंचाई दिसल्यावर गुगलने २०२५ मध्ये इलेक्ट्रिशियनांच्या प्रशिक्षण संस्थेला निधी दिला. उद्दिष्ट एक लाख कामगार आणि ३०,००० नवे अप्रेंटिस. ज्याला वीज लागते त्याने वायरमनच्या शिक्षणाचा खर्च उचलावा, हा साधा हिशेब आहे. आपल्याकडच्या डेटा सेंटर कंपन्यांच्या सीएसआर निधीकडेही हीच मागणी करायला हवी. आयटीआय, कंपनी आणि वस्तीतली शाळा एकत्र बसली तर ते अवघड नाही.

आणि आपले ट्रस्ट, जमाती? डॉक्टर-इंजिनीअरच्या शिष्यवृत्तीचे सत्कार दरवर्षी होतात, ते व्हावेत. पण आयटीआयच्या मुलाचा अर्ज आम्ही पुढे केला की ‘त्याची फी तर कमीच आहे’ असे उत्तर येते. फी कमी आहे हे खरे, पण दोन वर्षांचा घरखर्च कमी नाही. जकातीस पात्र घर असेल तर त्या मुलाच्या घरी दोन वर्षे महिन्याचे रेशन आणि मुलाचा रेल्वे पास, एवढी जबाबदारी एका ट्रस्टने घेतली तरी तो ट्रेड पूर्ण करेल.

दहावीचा निकाल लागला की आयटीआयचे अर्ज राज्याच्या प्रवेश पोर्टलवर ऑनलाइन सुरू होतात. काही शासकीय आयटीआयमध्ये अल्पसंख्याकांसाठी वेगळ्या तुकड्या असतात, पर्याय भरताना त्या पाहाव्यात. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, अधिवास आणि लागू असेल तर जातीचा दाखला आधीच काढून ठेवा. निकालानंतर सेतू केंद्रासमोर लांब रांग लागते.