म्हातारपणावरचं इंजेक्शन
20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यात उतरून डॉ. बाबासाहेब आंबेडकर ओंजळीनं पाणी प्यायले, तेव्हा ते 35 वर्षांचे होते. 1948 च्या सुमारास, राज्यघटनेचा मसुदा हातात असताना, त्यांचे पाय ठणकत होते, रात्रीची झोप उडाली होती. पाहणारा सहज म्हणाला असता, वयोमान! पण तो मधुमेह होता आणि बाबासाहेब इन्सुलिन घेत होते. तळ्याकाठी गेलं की मला त्या इंजेक्शनचाही इतिहास आठवतो, कारण त्याची सुरुवात एका म्हाताऱ्याच्या तरुण होण्याच्या हट्टातून झाली.

1 जून 1889, पॅरिस. 72 वर्षांचे नामांकित शास्त्रज्ञ ब्राउन-सेकार सहकाऱ्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, कुत्र्याच्या व गिनीपिगच्या वृषणांचा अर्क मी स्वतःला टोचून घेतला आहे. आता जिने भराभर चढतो, तासन्‌तास काम करतो. हाताची ताकद त्यांनी यंत्रावर मोजलीही होती. बघता बघता असे अर्क जागोजागी विकले जाऊ लागले. पण अर्क पाण्यात काढलेला होता आणि पुरुषी संप्रेरक (हार्मोन) पाण्यात जेमतेम विरघळतं. त्या वृद्धाला बळ दिलं ते बहुधा विश्वासानं.

दावा फसला. ग्रंथी रक्तात काहीतरी सोडतात, हा विचार मात्र टिकला. दोनच वर्षांनी, म्हणजे बाबासाहेबांच्या जन्मसाली, इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरपुढे 46 वर्षांची एक बाई आली. चेहरा सुजलेला, बोलणं जड, हालचाली मंद; अकाली म्हातारीच दिसत होती. मरेंनी तिला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. काही महिन्यांत ती सावरली आणि पुढं 74 वर्षांची होऊन 1919 मध्ये वारली. म्हातारपण वाटत होतं ते एका ग्रंथीचं थकणं होतं! या सगळ्या कथेत मला हाच क्षण सर्वांत मोठा वाटतो.

मग टोरंटो. 11 जानेवारी 1922 रोजी लिओनार्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या, मधुमेहानं मरणपंथाला लागलेल्या मुलाला स्वादुपिंडाचा अर्क टोचला. साखर जराशीच उतरली, टोचल्या जागी गळू झालं. जेम्स कॉलिप यांनी दिवसरात्र खपून अर्क शुद्ध केला. 23 जानेवारीला पुन्हा टोचला, आणि पोरगं वाचलं. हेच ते इन्सुलिन.

या यशानं उलटी चूकही घडवली. काही म्हातारपण संप्रेरकाच्या उणिवेतून येत असेल, तर सगळंच का नाही? 1966 मध्ये अमेरिकेतले डॉक्टर रॉबर्ट विल्सन यांनी पुस्तक लिहून पाळी जाणं हाच आजार ठरवला. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घ्या, तारुण्य राखा. लाखो बायकांनी गोळ्या घेतल्या. अखेर 16,608 बायकांवर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन या संप्रेरकांच्या जोडीची रीतसर चाचणी झाली आणि ती जुलै 2002 मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. गोळ्या घेणाऱ्या दर 10,000 बायकांमागे वर्षाला स्तनाचा कर्करोग 8 जणींना आणि पक्षाघात 8 जणींना जास्त होत होता. खुब्याचं हाड मोडणं 5 जणींत कमी झालं होतं. संप्रेरक हृदय राखेल ही आशा फोल ठरली.

या आकड्यांनी घाबरून असंख्य बायकांचे उपचार तोडले गेले, तेही चुकलंच. चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांत, अंगातून वाफा निघण्याच्या त्रासावर हे औषध निरोगी बाईला बहुधा फायद्याचंच ठरतं.

भारतात पाळी साधारण 46-47 व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य बायकांपेक्षा काही वर्षं आधी. महाडजवळच्या पोलादपूरच्या वाडीवरची बाई थकवा सांगत आली, तर ‘वय झालं’ म्हणण्याआधी तिची थायरॉइड आणि साखर तपासावी. रात्री घामानं भिजून ती जागी होत असेल, तर या गोळ्यांबद्दल तिला सांगावं, आणि तिला स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या का, हे चिठ्ठी लिहिण्याआधी विचारावं.