कुराणपठनाचा नित्यक्रम आणि पालक

'कुराण' हा शब्द ज्या अरबी धातूपासून सिद्ध झाला, त्याचा अर्थ वाचणे, मोठ्याने म्हणणे असा आहे. या ग्रंथाचे अध्ययन डोळ्यांइतकेच कानांचे व जिभेचेही आहे, हे त्याच्या नावातच सूचित होते. मराठीभाषक मुसलमान मुलांच्या नित्य पठनात पालकांचे स्थान कोणते, याचा विचार या दृष्टीने केला पाहिजे.

कोकणातील अनेक मुसलमान घरांतून मूल तेथील बोली बोलते. मकतबात त्यास बहुधा उर्दूमधून शिकविले जाते. ग्रंथ मात्र अरबी असतो. प्रथम 'कायदा', म्हणजे अक्षरपाठ, त्यात जबर, जेर, पेश ही स्वरचिन्हे, आणि पुढे प्रत्यक्ष पठन, असा सामान्य क्रम आहे. खरी अडचण अक्षरओळखीची नसून उच्चाराची आहे. ज़ाल, ज़े, ज़्वाद व ज़ोय ही चार अक्षरे उर्दूत एकाच ध्वनीने उच्चारिली जातात. अरबीत ती भिन्न व्यंजने होत. मराठीत 'क' एकच. अरबीत मात्र 'काफ' आणि पडजिभेपाशी उच्चारिला जाणारा 'क़ाफ' हे वेगळे. हा भेद सुटला, तर हृदयवाचक 'क़ल्ब' शब्दाचा 'कल्ब', म्हणजे कुत्रा, होतो. तज्वीदशास्त्रात प्रत्येक वर्णाचे उच्चारस्थान, म्हणजे मखरज, निश्चित केले आहे ते याचसाठी.

मग अरबी न जाणणाऱ्या आईबापांनी काय करावे? उच्चार घालून देणे हे उस्तादांचे काम. तो टिकविणे हे घराचे. जिभेला लागलेले वळण अल्प परंतु रोजच्या आवृत्तीने दृढ होते. आठवड्यातून एकदा दीर्घकाळ बसविल्याने होत नाही. ग्रंथाचे 30 पारे व 7 मंजिला हे विभाग महिन्याच्या व आठवड्याच्या पठनास सोयीचे आहेत. लहान मुलास मात्र काही ओळी पुरेत. पालकाने ठरलेल्या वेळी जवळ बसून ऐकावे, अडखळलेल्या शब्दावर खूण करून तो उस्तादांना विचारावयास सांगावे, आणि स्वतःही वाचावे. धाकाने वाचणारे मूल पान लवकर संपविण्याकडे पाहते आणि वर्ण गिळते.

अर्थाचा प्रश्न उरतोच. युसुफ, मूसा, इब्राहीम यांच्या कथा घरच्या बोलीत सांगितल्या, म्हणजे मुखोद्गत ध्वनींना अर्थाचा आधार मिळतो. शुद्ध उच्चार मकतब देऊ शकेल. परंतु हा आधार मातृभाषेतूनच, आणि म्हणून प्रामुख्याने आईबापांकडूनच, मिळावयाचा असतो.