डोळ्यांना न दिसणारे आकाश

कळवण तालुक्यात हिवाळ्यात कांद्याला पाणी भरायचे म्हणजे रात्रीचे जागरण आलेच. शेतीच्या पंपाला लाईट पुष्कळदा रात्रीचीच मिळते. मग माणूस मजुरीने आलेला असो की दोन-चार बिघ्यांचा मालक असो, एका हातात बॅटरी, खांद्यावर फावडे, आणि वाफ्यावाफ्याने पाणी फिरवणे. माझे दाजी हे काम कितीतरी वर्षे करीत आले आहेत. मागच्या हिवाळ्यात बहिणीकडे गेलो तेव्हा एका रात्री मीही त्यांच्याबरोबर गेलो. भाची हट्टाने आली. ती दहावीला आहे.

वाफा भरेपर्यंत करण्यासारखे काही नसते. बांधावर बसायचे आणि वर पाहायचे. दाजींना नक्षत्रे तोंडपाठ. ही रोहिणी, हा मृग, त्याच्यामागे व्याध. पेरणीपाण्याचा हिशेब नक्षत्रांवर करणाऱ्या माणसाला आकाश परके नसते. भाचीने विचारले, "मामा, रोहिणी तांबूस दिसते आणि मृगाच्या पायाशी तो एक तारा निळसर पांढरा. असं का?"

मी उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, तेवढ्यात दाजी म्हणाले, "लोहाराची भट्टी पाहिली नाहीस का? लोखंड आधी लाल होतं, मग पिवळं. आणखी तापलं की पांढरं."

वाचकहो, ताऱ्यांच्या शास्त्राची पहिली पायरी हीच आहे. रोहिणीच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे साडेतीन हजार अंश सेल्सिअस, आपल्या सूर्याचे साडेपाच हजार आणि मृगाच्या पायाजवळच्या त्या राजन्य ताऱ्याचे बारा हजारांच्या आसपास. रंग पाहून ताप ओळखायचा. तिथे जाऊन थर्मामीटर लावायची गरज नाही.

पण भट्टी याहूनही तापली तर? म्हणजे लाख अंश, कोटी अंश? मग त्या वस्तूचा बहुतेक प्रकाश आपल्या डोळ्यांच्या आवाक्याबाहेर जातो. आधी अतिनील किरण, त्यापुढे क्ष-किरण. दवाखान्यात हात मोडल्यावर फोटो काढतात तेच क्ष-किरण. इतका तापलेला पण अतिशय विरळ वायू डोळ्यांसमोर असला तरी आपल्याला तिथे काळोखच दिसेल. आणि विश्वात अशा वस्तू थोड्याथोडक्या नाहीत.

दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह. आपली आकाशगंगा ही अशीच एक दीर्घिका. अशा शेकडो, कधी हजाराहून अधिक दीर्घिका मिळून एक गुच्छ होतो. सुमारे ३० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या कोमा गुच्छाचा साध्या दुर्बिणीने फोटो काढला तर दीर्घिका दिसतात आणि मधली जागा रिकामी दिसते. क्ष-किरणांच्या दुर्बिणीने पाहिले तर तीच जागा उजळून निघते. तिथे वायू भरलेला आहे, सुमारे १० कोटी अंश तापलेला. तो इतका विरळ आहे की लिटरभर जागेत बोटांवर मोजण्याइतकेच कण सापडतील. पण जागा एवढी अफाट की त्या सगळ्या वायूचे वजन गुच्छातल्या साऱ्या ताऱ्यांच्या वजनाच्या कित्येक पट भरते. म्हणजे ज्याला आपण रिकामे समजत होतो तिथेच जास्त माल निघाला!

या वायूच्या क्ष-किरणांत लोखंडाची खूणही सापडते. हे लोखंड तयार झाले ताऱ्यांच्या पोटात आणि ताऱ्यांच्या स्फोटांत, आणि तिथून बाहेर फेकले गेले. शाळेत मुलींना आठवड्याला लोहाची गोळी देतात ना, त्या गोळीतल्या लोखंडाचा जन्मही असाच जुन्या ताऱ्यांतला. भाचीला हे सांगितले तेव्हा तिने तोंड वाकडे केले. गोळी तिला आवडत नाही.

मग हे किरण जमिनीवरूनच का पाहू नयेत? कारण आपली हवा. डोक्यावरच्या सगळ्या हवेचे वजन दहा मीटर उंच पाण्याच्या थराइतके आहे. तेवढ्यातून आकाशातले क्ष-किरण खाली पोचत नाहीत. अतिनील किरणही बहुतेक वरच अडतात. हे आपल्या कातडीच्या भल्याचे, पण संशोधकाची अडचण करणारे. म्हणून दुर्बीणच हवेच्या वर न्यावी लागते.

इथे भाचीने दुसरा प्रश्न टाकला. "ते सगळं अमेरिकेतच होतं ना?"

तिचा दोष नाही. १९९० साली सोडलेली हबल, १९९९ सालची चंद्रा, २०२१ सालची जेम्स वेब ही नावे पुस्तकांत येतात. आपल्याकडची मात्र राहून जाते. १९७५ साली अवकाशात गेलेल्या भारताच्या पहिल्या उपग्रहावर, आर्यभटवरही, क्ष-किरण मोजण्याचे उपकरण होते; चारेक दिवसांत वीज बिघडली आणि प्रयोग थांबले. त्यानंतर चाळीस वर्षांनी, २८ सप्टेंबर २०१५ रोजी, श्रीहरिकोट्याहून अॅस्ट्रोसॅट गेला. सुमारे दीड हजार किलो वजनाची ही वेधशाळा ६५० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरते. तिच्यावरची दोन मोठी क्ष-किरण उपकरणे मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभी केली. आणखी एका उपकरणाच्या आणि अतिनील दुर्बिणीच्या कामात पुण्याच्या आयुका या संस्थेचा मोठा वाटा आहे. कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर या संस्थेचे संस्थापक संचालक. अतिनील दुर्बिणीची मुख्य जबाबदारी बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची होती.

क्ष-किरणांचा आरसा ही मोठी गमतीची चीज आहे. साध्या आरशावर क्ष-किरण सरळ पडला तर परत न फिरता आत शिरतो. पण चणकापूरच्या धरणावर पोरे चपटा खडा पाण्याला जवळजवळ समांतर फेकतात तेव्हा तो बुडत नाही, टप्पे घेत जातो. क्ष-किरणही तसाच अगदी तिरपा घासून गेला तर वळतो. म्हणून हा आरसा ताटासारखा नसतो. सोन्याचा मुलामा दिलेल्या पातळ पत्र्यांची नळकांडी एकात एक बसवतात. अॅस्ट्रोसॅटच्या दुर्बिणीत अशी ४० आवरणे आहेत. त्यांना घासून आलेले किरण दोन मीटर मागे असलेल्या कॅमेऱ्यावर गोळा होतात.

अतिनील दुर्बिणीचे आरसे अवघे ३८ सेंटिमीटरचे, जेवणाच्या ताटाहून थोडे मोठे. हबलचा आरसा २.४ मीटरचा. तरीही या ताटाने एक काम केले. ऑक्टोबर २०१६ मध्ये तिने आकाशाच्या एका छोट्याशा तुकड्याकडे २८ तासांहून जास्त वेळ टक लावली. नंतर आयुकाचे डॉ. कनक साहा आणि त्यांचे सहकारी त्या नोंदी जवळजवळ दोन वर्षे तपासत बसले. खरेच काही दिसले की कॅमेऱ्याचा भास, ही शहानिशा करण्यात एवढा काळ गेला. ऑगस्ट २०२० मध्ये त्यांनी जाहीर केले: ९३० कोटी प्रकाशवर्षे दूरच्या एका दीर्घिकेतून निघालेला अतितीव्र अतिनील प्रकाश सापडला आहे. हबलने हाच तुकडा आधी पाहिला होता, पण तिच्या हाती हा प्रकाश लागला नव्हता. आपल्या कॅमेऱ्यात स्वतःची खरखर फार कमी, म्हणून अगदी मंद खूणही उठून दिसली.

हा प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वी नव्हती, सूर्यही नव्हता. त्याला एवढे महत्त्व का? विश्वाच्या बालपणी सगळा वायू थंड, अंधारा होता. पहिल्या तारकासमूहांच्या प्रखर प्रकाशाने त्याचे अणू फोडले आणि तो पुन्हा तापला असे मानतात. पण तो प्रकाश आपल्याच दीर्घिकेच्या वायूतून निसटून बाहेर आला कसा, हे कोडे आहे. निसटलेल्या प्रकाशाचा एक नमुना आता हाती आहे. कोडे सुटले असे मात्र कोणी म्हणत नाही.

अॅस्ट्रोसॅट पाच वर्षांसाठी बनवला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याने दहा वर्षे पूर्ण केली. मधे २०१८ साली अतिनील दुर्बिणीचा एक कॅमेरा बंद पडला. अवकाशात मेकॅनिक पाठवता येत नाही, म्हणून उरलेल्यावर काम चालू ठेवले.

एव्हाना दोन वाफे भरले होते. दाजींनी पाणी तिसऱ्यात वळवले. भाची म्हणाली, "पण मामा, आपल्याला ते कोण बघू देणार?"

हा प्रश्न मला रात्रभर पुरला, कारण मीही तिच्या वयाचा असताना असेच समजत होतो. सरळ उत्तर असे की २०१८ पासून इस्रोने अॅस्ट्रोसॅटच्या जुन्या नोंदी सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. ज्या संशोधकाने निरीक्षण मागितले त्याची राखीव मुदत संपली की त्या कोणालाही मिळतात, पैसे पडत नाहीत. त्या नोंदी कशा वाचायच्या यासाठी आयुकामध्ये मदत कक्ष चालवला गेला आहे. अर्थात वाचता येण्यासाठी आधी गणित आणि भौतिकशास्त्र लागते. बारावी विज्ञान, मग बी.एस्सी., एम.एस्सी., पुढे प्रवेश परीक्षा. रस्ता लांब आहे, आणि मजुरीच्या घरात एवढी वर्षे मुलीला शिकवत ठेवणे किती अवघड असते ते मी दाजींसमोर बोललो नाही. तेच बोलले. म्हणाले, "दहावीचं गणित तर होऊ दे आधी." भाचीने मान खाली घातली, सहामाहीत तिला गणितात कमी गुण पडले होते.

२८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त आयुका सर्वांसाठी आपले दार उघडते. तिथे संशोधक स्वतः उभे राहून पोराटोरांच्या प्रश्नांना उत्तरे देतात. त्या-त्या वर्षीची वेळ आधी विचारून घ्यावी. कळवणहून पुणे लांब आहे, एक दिवसाची मजुरी बुडेल आणि भाडेही लागेल. दाजींनी हिशेब केला, कांदा काढणीच्या आधी जमेल म्हणाले. भाचीने विचारायच्या प्रश्नांसाठी वहीचे मागचे पान उघडले आहे. पहिला प्रश्न तिने लिहिला तो असा: दहा कोटी अंशांचा वायू इतका विरळ आहे, तर त्यात हात घातला तर भाजेल का?